शेवटचा फर्मा

फास्टर फेणे आणि गुंड्याभाऊ यांची गाठ बडोद्यात काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर पडते, हा प्रसंग मी निदान चाळीस वर्षं लोकांना सांगत आले. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितला. मुलीला झोपवताना कितीदा सांगितला त्याला मोजदाद नाही. आणि २०२४च्या जुलैत आमच्या वाचकमंडळाच्या बैठकीत, विषय होता ‘लहानपणची पुस्तकं’, तेव्हा हातात माइक घेऊन पंचवीस-तीस माणसांसमोर सांगितला. रात्रीची वेळ. चोर पुलाच्या कठड्यावर चढलाय. फेणे सायकल आडवी टाकून वाट अडवून उभा. आणि समोरून खांद्यावर सोटा टाकून गुंड्याभाऊ सावकाश चालत येतो...

पहिल्या रांगेतल्या एका काकांनी हात वर केला. ऐंशीच्या पुढचे, पांढरा सदरा, चष्मा दोरीला बांधलेला. फार अदबीनं म्हणाले, “ताई, हे कुठल्या पुस्तकात आहे म्हणालात?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

फास्टर फेणे भा. रा. भागवतांचा. गुंड्याभाऊ चिं. वि. जोशींचा. एक स्वातंत्र्यानंतरचा शाळकरी पोरगा, दुसरा त्याच्या कितीतरी आधीचा, चिमणरावांचा आडदांड मावसभाऊ. या दोघांची भेट कुठल्याच पुस्तकात होणं शक्य नाही, हे मराठी वाचणाऱ्या कुणालाही कळतं. मलाही कळत होतं. फक्त कळणाऱ्या डोक्यानं त्या आठवणीकडे कधी बघितलंच नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, लोक हसले, चहा आला. काकांनी जाताना मला नमस्कार केला आणि म्हणाले, “सापडलं तर कळवा हं, वाचायला आवडेल.” ते थट्टा करत होते की खरंच म्हणत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

उत्तर महिन्याभरात मिळालं, आणि ते विश्वामित्रीनं दिलं.

त्या वर्षी गोकुळाष्टमीला पाऊस जो लागला तो थांबेना. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट. नदी ३५ फुटांच्याही वर गेली. अर्धं शहर पाण्यात. आई अकोट्याला राहते, आमच्या जुन्या टेनामेंटमध्ये. (महाराष्ट्रातल्या लोकांना हा शब्द सांगावा लागतो. टेनामेंट म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेलं, पुढे ओटला (ओटा) नि मागे धुण्याभांड्यांची चौकडी असलेलं बैठं घर. बडोद्याचा अर्धा मध्यमवर्ग अशा घरांत म्हातारा झाला.) शेजाऱ्यांनी आईला वेळेवर वरच्या मजल्यावर नेलं म्हणून बरं. तीन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा मी मांजलपुरातून तिथे पोचले. घरभर गुडघ्याएवढा गाळ. फ्रिज आडवा होऊन दाराला अडकलेला. गाद्या, शिलाई मशीन, बाबांची कागदपत्रं, लग्नाचे अल्बम, सगळ्याचा एकच रंग झालेला.

आई जिन्याच्या पायरीवर बसून नुसती बघत होती. मग म्हणाली, “तुमच्या चोपड्या तेवढ्या कोरड्या राहिल्या बघ.”

बाबांनी कधीतरी एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर चढवून ठेवली होती, आणि पंचवीस वर्षं ती खाली काढायचा आम्ही सगळ्यांनी कंटाळा केला होता. एका आळसानं केवढं काम केलं!

‘चोपडी’ या शब्दावर थोडं थांबते. मराठीत चोपडी म्हणजे हिशेबाची वही, वाण्याची. गुजरातीत चोपडी म्हणजे पुस्तक. दांडिया बाजारच्या आमच्या वाड्यात आम्ही मुलं जे बोलत होतो ते या दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं. आम्ही रद्दी विकत नसू, पस्ती विकत असू. झोपाळ्याला हिंचका म्हणत असू. मे महिन्यात पुण्याला मावशीकडे गेले तेव्हा मी मावसबहिणीला विचारलं, “तुझ्याकडे फास्टर फेणेच्या किती चोपड्या आहेत?” ती नि तिच्या मैत्रिणी हसून हसून लोळल्या. पुढे ती सुट्टी संपेपर्यंत मी फार जपून बोलले. मला वाटतं पुस्तकांचा माझा नाद तिथेच पक्का झाला. पुस्तकातलं मराठी तोंडपाठ केलं की पुण्यात कुणी हसणार नाही, असा माझा सरळ हिशोब होता. पण फास्टर फेणे वाचून मी पुण्याला गेले आणि बोलता बोलता त्याच्यासारखं जिभेनं ‘ट्टॉक्’ करायला लागले, त्यावरही हसलेच लोक.

पुणं आम्हाला फार लांब होतं. गाडीच्या अंतरानं नव्हे, रात्री बसलं की दुसऱ्या दिवशी पोचतच असू. पण पुस्तकांत जे काही घडायचं ते पुण्यात, आणि आम्ही राहत होतो तिथे ते घडत नसे. मराठी मुलांना कोडी सापडत, चोर भेटत, किल्ल्यावर भुयारं लागत. हे सगळं पर्वती, शनिवारवाडा आणि सिंहगड यांच्या आसपास. फेणेचं गाव फुरसुंगी, ते तर मला काल्पनिकच वाटत होतं. नावच असं की लेखकानं गंमत म्हणून रचलं असणार. पुढे तिशीत जेजुरीला जाताना, दिवे घाटाच्या अलीकडे, बसच्या खिडकीतून ‘फुरसुंगी’ अशी पाटी दिसली आणि मी शेजारच्या अनोळखी बाईंचा हात धरून ओरडले, “आहे! खरंच आहे!” बाईंनी हात सोडवून घेतला. पुणेकरांना फुरसुंगी म्हटलं की कचरा डेपो आठवतो. मला तिथून एक किडकिडीत मुलगा सायकल काढताना दिसतो. बनेश फेणे त्याचं नाव.

ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि त्याखाली दुसरा एक, जुन्या कागदाचा, ज्यात थोडा आजोबांचा तपकिरीचा वासही असावा असं मला उगाच वाटलं. वर चांदोबाचे अंक, मग ‘किशोर’चे. त्याखाली आजोबांनी स्वतः खळ लावून, खाकी कागद चढवून बांधलेली चिमणरावांची तीन पुस्तकं. आणि तळाशी फास्टर फेणे, एकूण सात. लिल्या, म्हणजे ओल्या, चिवड्याचे तेलकट डाग जागोजाग. एकाच्या आतल्या पानावर दादाच्या अक्षरात ‘हे पुस्तक चोरणाऱ्यास मगर खाईल’. ती धमकी प्रामुख्यानं मला होती.

तेच पुस्तक उलटून शेवटाशी गेले. पान ९६. वाक्याच्या मध्यावर पुस्तक संपलं.

आणि तिथे गाळात उभी असताना मला सगळं आठवलं.

पुस्तक छापतात ते मोठ्या कागदावर; तो कागद घडी घालून सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे शिवून पुस्तक होतं. शिवण सैल झाली की बहुधा शेवटचा फर्मा आधी गळतो. आमची ही प्रत बाबांनी एका पस्तीवाल्याकडून वजनावर आणली होती, आणि तिचा शेवटचा फर्मा आमच्याकडे यायच्या आधीच गेलेला होता. सहा फर्मे होते. फेणे संकटाच्या ऐन तोंडाशी आणि पुढे पुठ्ठा. मी आठ वर्षांची होते. मी दोन दिवस जेवले नाही, असं आई सांगते. त्यातला एक दिवस तिनं वाढवलेला असावा. शेवटी तेरा वर्षांचा दादा म्हणाला, “मला माहितीये शेवट. मी वाचलाय. सांगतो.”

त्यानं तो वाचलेला नव्हता. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

दादाच्या शेवटात फेणे रातोरात गाडीत बसून बडोद्याला येतो. का येतो? चोर बडोद्याला पळालाय म्हणून. स्टेशनवरून सायकल कुठून मिळते? “मिळते,” दादा म्हणायचा, आणि ते पुरेसं असे. मग सायकल सुटते ती सूरसागराच्या काठानं, न्यायमंदिरासमोरून, लहरीपुरा दरवाज्यातून मांडवीकडे. (तेव्हा सूरसागरात शंकराचा पुतळा नव्हता. आता माझ्या आठवणीतल्या पाठलागातही तो उभा दिसतो, ते चूक आहे.) मांडवीला कमानींखालून एक गोल चक्कर, आणि तिथून उलट काळ्या घोड्याकडे. चोर पुलावरून विश्वामित्रीत उडी टाकतो, अंधारात त्याला एक ओंडका दिसतो, तो त्यावर चढून बसतो. आणि ओंडका डोळे उघडतो. ट्टॉक्!

आमच्या नदीत मगरी आहेत. शहराच्या मधोमध. पुलावरून खाली बघितलं की त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. पुरात तर रस्त्यावर येतात. पुण्याच्या मुळा-मुठेत काय आहे? दादाला हे बरोबर कळलं होतं. पुण्याकडे भुयारं असतील, आपल्याकडे मगर आहे.

ही सगळी पुस्तकं गाळ उपसून झाल्यावर मी माझ्या घरी आणली आणि त्या पावसाळ्यात ओळीनं वाचली. फास्टर फेणे आधी. एकेका बैठकीत एकेक संपलं. त्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर: योगायोग फार आहेत. जिथे फेणे जाईल तिथे गुन्हेगार त्याच्याच शेजारच्या बाकावर येऊन बसतात आणि नेमकं त्याच वेळी मोठ्यानं बेत बोलतात. पोलीस मुलांचं लगेच ऐकतात. शाळा कधी चालू असते आणि कधी बंद याचा पत्ता लागत नाही. आणि आई झाल्यावर हे वाचताना एक प्रश्न दर दहा पानांनी येतोच: या मुलाच्या घरचे कुठे आहेत? कुणी जेवायला हाक मारत नाही का याला? लहानपणी तीच तर सगळी मौज होती. आमच्या वाड्यात सात वाजता दिवे लागले की सात आया सात दारांत येऊन हाका मारत. ज्या मुलाला कुणी हाक मारत नाही तो मला जगातला सर्वांत सुखी मुलगा वाटत असे.

पण भाषा! ती मी विसरले होते. भागवतांची वाक्यं पळतात. छोटी, क्रियापदावर टेकलेली, कुठे थांबून तुम्हाला शहाणं करायला जात नाहीत. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ नावाचं मासिक काढलं, ज्यूल व्हर्नच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि फेणेची वीसेक पुस्तकं लिहिली. इतकं सारं मुलांसाठी लिहिलेल्या माणसाला मूल कुठल्या ओळीवर कंटाळतं ते बरोबर ठाऊक होतं. उपदेश आहे, नाही असं नाही. पण तो धावता धावता केलेला आहे. आणि ‘ट्टॉक्’ ही अक्षरं लिहायला नुसतं धाडस लागतं. तो आवाज कागदावर उतरत नाही. टाळूला जीभ लावून सोडावी लागते. आमच्या पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, गुजराती मुलांनी फास्टर फेणेचं एक अक्षर वाचलेलं नव्हतं, पण ट्टॉक् सगळ्यांना येत होतं. दीडशे वेळा सलग ट्टॉक् करणारा एक मुलगा होता. आज त्याचं मांडवीत भांड्यांचं दुकान आहे, आणि परवा मी विचारलं तर त्यानं लगेच करून दाखवलं. गिऱ्हाईक दचकलं.

एक बरं झालं, आम्हाला या लोकांचे चेहरे कुणी दाखवले नाहीत. मुंबई दूरदर्शनवर चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे, आणि पुढे फास्टर फेणे सुमीत राघवन. पुण्याच्या मावसबहिणीची पुस्तकं त्या दिवसापासून त्याच चेहऱ्यांनी भरली. आमच्या घरी टीव्ही आला तरी त्यावर दिसायचं अहमदाबाद. माझा गुंड्याभाऊ म्हणून कायम दांडिया बाजारातलाच राहिला. आमच्या घराजवळ जुम्मादादा व्यायामशाळा. प्रोफेसर माणिकरावांमुळे तिचं नाव सगळीकडे झालेलं. संध्याकाळी तिथून लाल मातीनं माखलेले, मान खांद्यापासून वेगळी न करता येणारे पुरुष बाहेर पडत. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की यांच्यातला एक गुंड्याभाऊ आहे, फक्त तो सोटा आत ठेवून येतो.

आता चिमणराव. हे वाचताना मला जास्त वेळ लागला, आणि बरं-वाईट दोन्ही जास्त वाटलं.

ती मुलांसाठीची पुस्तकं नव्हतीच मुळी. आमच्याकडे ती आजोबांमुळे आली. आजोबा हिंचक्यावर बसून मोठ्यानं वाचत, पायानं हलका झोका देत, आणि हसण्याची जागा आली की झोका थांबे. मला विनोद कळत नसे. पण झोका थांबला की हसायचं हे कळत होतं. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ हे नाव मी शब्दशः घेतलं होतं. एरंडा आमच्या गुजरातेत शेतांतून उभा असतो, देशातला बहुतेक एरंडा इथेच पिकतो, आणि एरंडेल आठवड्याच्या आठवड्याला आमच्या पोटात जात होतं. तेव्हा त्याचं गुऱ्हाळही कुठेतरी असणार आणि तिथे रस पिणारी दुर्दैवी मुलं असणार, याची मला खात्री होती. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे लांबलचक निरर्थक बडबड, हे कॉलेजात कळलं. मग ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ आणि ‘वायफळाचा मळा’ या नावांतली गंमत उलगडली: लेखक मुखपृष्ठावरच सांगून टाकतोय की आत काही कामाचं नाही. १९३२, १९३३, १९३६ अशी ही पुस्तकं आली. मराठी गद्य तेव्हा बरंच गंभीर चेहरा करून बसलेलं असताना!

आणि ती लिहिणारा माणूस त्या काळात कुठे होता? बडोद्यात. बडोदा कॉलेजात पाली शिकवत होता. तोच घुमट, ज्याच्याखाली मी नंतर तीन वर्षं बी.ए.ला बसले. पुढे संस्थानच्या दफ्तराचं काम त्यानं पाहिलं. पाली भाषेचं पाठ्यपुस्तक लिहिणारा, जातककथांत रमणारा हा प्राध्यापक संध्याकाळी घरी जाऊन पुण्याच्या एका भित्र्या कारकुनाची फजिती लिहीत होता. चिमणरावांचं पुणं, ती काऊ, तो मोरू, मैना, राघू, ते शेजारी, ते बिऱ्हाड, यातलं कितीतरी आमच्या शहरात बसून मांडलेलं होतं. मी सगळं लहानपण सगळं काही पुण्यात घडतं म्हणून झुरत राहिले, आणि ते पुणं दोन-चार गल्ल्यांपलीकडे तयार होत होतं.

हे कळल्यावर चिमणराव संस्थानचे सरकारी पाहुणे होतात ती गोष्ट मी पुन्हा वाचली. लहानपणी ती मला राजवाड्यातली धमाल वाटली होती. आता तीत संस्थानी नोकराची नजर दिसली. हुकूम, दफ्तर, मानपान, कुणाला कुठल्या दर्जाची सरबराई, खालच्या माणसाची वरच्या माणसापुढची लगबग: हे दुरून ऐकून लिहिता येत नाही. आजोबा स्वतः संस्थानच्या नोकरीत कारकून होते. त्या गोष्टीला त्यांचा झोका सर्वांत जास्त वेळ थांबत असे. तेव्हा मला वाटायचं, गोष्ट फार विनोदी आहे. आता वाटतं, ते कुणालातरी ओळखत असावेत त्यातल्या.

आणि जे खटकलं तेही सांगते. बायकांवरचे विनोद. काऊची अक्कल, काऊचा हट्ट, बायकांची बडबड, स्थूल बाई दिसली की ठरलेली उपमा. चिमणराव स्वतःवर दुप्पट हसतो, हे खरं. त्याच्याइतका भित्रा, निरुपयोगी, बढाईखोर पुरुष दुसरा नाही. पण आजोबांचा झोका थांबे आणि आम्ही सगळे हसत असू, तेव्हा आजी आत चुलीपाशी असे. ती हसल्याचं मला आठवत नाही. न हसल्याचंही आठवत नाही. तिच्याकडे कुणी बघितलेलंच नव्हतं. एका पुस्तकाच्या खाकी कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं दळणाचा हिशोब सापडला, गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ. अक्षर तिचं. म्हणजे पुस्तक तिच्याही हातात होतं तर. वाचत होती की नुसता कागद म्हणून वापरला, कसं सांगावं?

उरलेली पुस्तकं आम्हाला मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून मिळत. या लायब्ररीबद्दल बडोदेकरानं बोलायला सुरुवात केली की ऐकणाऱ्यानं चहा मागवून ठेवावा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग शिकलेल्यांनी वाचायचं काय, म्हणून १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. मुलांसाठी निराळा विभाग ठेवला. पुढे दोन लाख रुपये बाजूला ठेवून मराठी-गुजरातीत पुस्तकं काढली, त्यात मुलांसाठी खास एक माला होती, सयाजी बालज्ञानमाला. आम्हाला अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होती ती काचेची जमीन. पुस्तकांच्या मजल्यांना जाड धुरकट काचेच्या लाद्या आहेत, उजेड खालपर्यंत यावा म्हणून, आणि कपाटं लोखंडी. एकदा तिथल्या एका भल्या माणसानं आम्हा दोघांना आत नेलं. वर बघितलं तर डोक्यावरून कुणीतरी चालत होतं: दोन काळे तळवे, उमटत, पुसत. दादा माझ्या कानात म्हणाला, “वर फेणे आहे.” मी विचारलं, “पायात चपला का नाहीत?” तो म्हणाला, “आवाज होऊ नये म्हणून.”

त्याला उत्तर सुचलं नाही असं मी कधी बघितलं नव्हतं.

ऑक्टोबरात मी पुण्याहून त्या पुस्तकाची नवी, अख्खी प्रत मागवली. (कुठलं पुस्तक ते सांगत नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांची मजा कशाला घालवा?) आठ दिवसांत कुरियरनं आली. चकचकीत कव्हर, पानांना कसलाच वास नाही. जुन्या प्रतीतलं पान ९६चं ते अर्धं वाक्य शोधलं. नव्या छपाईत ते कुठल्यातरी निराळ्याच पानाच्या वरच्या बाजूला, इतर वाक्यांसारखंच साधं, पूर्णविराम लावून उभं होतं. मी तिथे खूण घालून पुस्तक मिटलं. तीन दिवस ते तसंच टेबलावर होतं. नवरा म्हणाला, “वाच ना आता.” मी म्हटलं, “वाचते ना, घाई काय आहे?” त्रेचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला तेवढा मान असतो.

दिवाळीच्या आधल्या रविवारी आईकडे गेले. भिंतींना नवा चुना, पण साडेचार फुटांवर ओलीची रेघ पुन्हा वर आलेली. हिंचक्याच्या सळ्या घासून परत टांगलेल्या. मी दादाला नाशिकला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, “दादा, शेवटचा फर्मा मिळाला. वाचू?”

“कसला फर्मा?”

सांगितलं. तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला, “वाच.”

मी वाचत गेले. चांगला शेवट आहे. भागवतांना शोभेल असा, भराभर, कुठलाही धागा मोकळा न सोडता. मी दोन पानं वाचली असतील-नसतील.

“थांब,” दादा म्हणाला. “मगर कुठे गेली?”

“मगर नाहीये रे यात.”

“आणि बडोदं?”

“तेही नाही.”

“हट्! मग चोराला धरलं कुणी?” छप्पन्न वर्षांचा माणूस चिडला होता. “तू नीट वाचत नाहीयेस. आधीचं एखादं पान सुटलं असेल.”

“दादा, मगर तू घातलीस. आणि गुंड्याभाऊसुद्धा. मी त्यापायी पंचवीस लोकांत तोंडघशी पडले.”

“मगर माझी,” तो जरा वेळानं म्हणाला. “बरोबर आहे. पण गुंड्याभाऊ मी कशाला घालीन? मला कुठे आवडायचा गुंड्याभाऊ? मी कधी धड वाचलं पण नाही ते.”

हिंचक्यावर आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुला शेवट सुचेना म्हणून.”

“काय?”

“अरे, चोर बसवलास मगरीच्या पाठीवर. मग पुढे? फेण्याला पाण्यात उतरवलंस तर मगर त्यालाही खाणार. ही रडायला लागली. तू अडकलास, तूही रडकुंडीला आलास. इथेच, या हिंचक्यावर आजोबा बसले होते, डोळे मिटून. झोपलेत असंच मला वाटलं.” आईनं काड्या बाजूला केल्या. “डोळे न उघडताच म्हणाले, पाठव रे गुंड्याभाऊला.”